पाहणारे कोण, पाहिले जाणारे कोण?

ठाण्यातील एका स्नेह्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. दिवाणखान्याची एक संपूर्ण भिंत गेरूच्या रंगात रंगवून तिच्यावर पांढऱ्या रंगाने तारपा नृत्याचे भव्य चित्र काढून घेतलेले होते. दोन त्रिकोणांच्या देहाची माणसे, हातांत गुंफलेले हात, मध्यभागी तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती शंखाच्या वळशासारखी उलगडत गेलेली नर्तकांची रांग. येणारा प्रत्येक पाहुणा त्या भिंतीपाशी क्षणभर थबकत होता. मीही थबकलो आणि यजमानांना सहज विचारले, ‘‘कोणी काढले?’’ ते कौतुकाने म्हणाले, ‘‘वारली आहे!’’ मी पुन्हा विचारले, ‘‘ते खरेच, पण काढले कोणी?’’ यजमान गोंधळले. ‘‘सजावटवाल्यांनी माणूस आणला होता. चार दिवस येत होता,’’ एवढेच त्यांना सांगता आले. समोरच्याच भिंतीवर एका नामवंत चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत टांगलेली होती. तिच्या कोपऱ्यातील स्वाक्षरी मात्र त्यांनी बोट ठेवून दाखवली.

यात त्या सज्जन गृहस्थांना दोष देण्याचा हेतू नाही. हा दोष आपणा सर्वांचाच आहे. शहरी चित्रकाराविषयी विचारले की आपण त्याचे नाव सांगतो आणि वनवासी चित्रकाराविषयी विचारले की त्याच्या जमातीचे. एकाला व्यक्ती म्हणून ओळख आहे, दुसऱ्याला केवळ जातकुळी. कलेच्या क्षेत्रात गेली तीस-चाळीस वर्षे ‘अस्मिता’ आणि ‘परकेपणा’ या दोन शब्दांभोवती विपुल चर्चा झाली आहे. मी कोण, माझ्याहून वेगळा तो कोण, आणि त्याला ‘वेगळा’ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न जगभरचे चित्रकार आपल्या चित्रांतून विचारत असतात. परंतु या चर्चेत आपल्याकडील अरण्यातला माणूस बहुधा विषय म्हणून येतो, विचारणारा म्हणून येत नाही. त्यानेच कुंचला हाती घेतला आणि आपल्याकडे पाहिले, तर काय घडते? या प्रश्नाचे उत्तर मध्य प्रदेशातील एका खेड्याने दिले आहे आणि ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे.

पाटनगढची परंपरा

दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढ हे ते खेडे. येथील परधान गोंड म्हणजे गोंड समाजाचे भाट. बाना नावाचे तंतुवाद्य वाजवत यजमानांच्या घरी जायचे, बडादेवाची स्तुती गायची, वंशावळी आणि गोंड राजांच्या कथा सांगायच्या आणि मिळेल ते दान घेऊन परतायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. राजे गेले, यजमानांची ऐपत ओसरली आणि गाण्यावर पोट भरेनासे झाले. परधान मजुरीला लागले. घराच्या भिंतींवर आणि अंगणात स्त्रिया ढिगना नावाच्या आकृती रेखाटत, तेवढी रंगरेषेची परंपरा मागे उरली होती.

याच गावी जनगढसिंह श्याम यांचा जन्म झाला. गावात जनगणना चालू असताना जन्मले म्हणून त्यांचे नाव ‘जनगढ’ ठेवले गेले, असे सांगतात. शिरगणतीतील एक आकडा म्हणून ज्याची सरकारदरबारी नोंद व्हायची, त्या मुलाच्या नावातच ती शिरगणती येऊन बसली! १९८०च्या दशकाच्या आरंभी भोपाळमध्ये भारत भवनाची उभारणी चालू होती. तेथील रूपंकर या कलासंग्रहालयाची धुरा चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. त्यांनी तरुण कलावंतांची पथके खेडोपाडी पाठवली. त्यांपैकी एका पथकाला पाटनगढमधील भिंतीवर जनगढ यांनी काढलेले चित्र दिसले आणि हा विशीतला तरुण भोपाळला आला. १९८२मध्ये भारत भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा स्वामीनाथन यांनी शहरी आधुनिक चित्रकार आणि अरण्यातील चित्रकार यांना एकाच छताखाली, समान मानाने स्थान दिले होते. त्यांची भूमिका साधी होती. जे एकाच काळात जगत आहेत आणि चित्रे काढत आहेत, ते सारे समकालीन होत. एकाला ‘आधुनिक’ म्हणून कलादालनात आणि दुसऱ्याला ‘आदिम’ म्हणून मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात ठेवणे हा काळाविषयीचा नव्हे, माणसाविषयीचा भेद आहे.

जनगढ यांनी मिळालेल्या संधीचे सोने केले. जे देव आजवर केवळ गाण्यात होते, त्यांना त्यांनी कागदावर रूप दिले. ठिपके, बारीक समांतर रेषा, शिंगांतून फुटणारे वृक्ष, या साऱ्यांतून एक नवी चित्रभाषा घडली. १९८९मध्ये पॅरिसमध्ये पाश्चात्त्य आणि पाश्चात्त्येतर कलावंतांना एकत्र आणणारे जे गाजलेले प्रदर्शन भरले, त्यात त्यांची चित्रे होती. भोपाळच्या विधान भवनात त्यांची भित्तिचित्रे आहेत. नात्यागोत्यातील मुलामुलींना त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले, शिकवले आणि त्यातून एक संपूर्ण घराणे उभे राहिले. आणि २००१मध्ये, जपानमधील एका संग्रहालयाच्या निमंत्रणावरून तेथे मुक्कामी असताना या कलावंताने स्वतःचे जीवन संपवले. वय अवघे चाळीसच्या आसपास होते.

त्या मृत्यूविषयी तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. माणसाच्या मनाचा ठाव बाहेरून घेऊ नये. म्हणून त्याच्या कारणांची मीमांसा येथे करत नाही. एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. आपल्या शहरांतील नामवंत चित्रकार परदेशी जातो तेव्हा त्याच्यासोबत कलादालने असतात, करार असतात, भाषा असते, त्याची खुशाली विचारणारे लोक असतात. जनगढ यांच्यामागे यांपैकी काय होते? ज्याचे चित्र आपण देशाचे भूषण म्हणून मिरवतो, त्या माणसाचे पालकत्व नेमके कोणाकडे होते? चित्राला आपण आपले म्हटले. चित्रकार मात्र परका राहिला.

भाट लंडनला जातो

जनगढ यांच्या घरी शिकलेल्यांत भज्जू श्याम होते. जन्म १९७१चा, गाव पाटनगढच. रात्रपाळीचा पहारेकरी, विजेची कामे, अशी मिळेल ती मजुरी करत ते भोपाळला पोहोचले आणि काका जनगढ यांच्या चित्रांतील बारीक रेषा भरता भरता चित्रकार झाले. २००२मध्ये लंडनमधील एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्यासाठी त्यांना बोलावणे आले. दोन महिने ते तेथे राहिले. परतल्यावर पाहिलेले लंडन त्यांनी चित्रांत उतरवले आणि २००४मध्ये चेन्नईच्या तारा प्रकाशनाने ते ‘द लंडन जंगल बुक’ या नावाने प्रसिद्ध केले.

या पुस्तकातील लंडन पाहण्यासारखे आहे. विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती, कारण एवढा अवजड जीव आकाशात उडतो यावर विश्वास कसा बसावा? बिग बेनचे घड्याळ आणि कोंबडा एकरूप झाले आहेत. गोंडांच्या गावी वेळ सांगणारा कोंबडाच, तेव्हा लंडनचा कोंबडा हाच. भूमिगत रेल्वे हे जमिनीखालचे प्रचंड गांडूळ आहे. रोज ठरल्या ठिकाणी न चुकता येणारी तीस क्रमांकाची बस इमानी कुत्रा झाली आहे. आणि इंग्रज माणसे? ती वटवाघळे आहेत! दिवसभर कोठे असतात कळत नाही; संध्याकाळ झाली की मद्यगृहात थव्याने गोळा होतात, जशी मोहाच्या झाडावर वटवाघळे जमतात.

वाचकांना यात निखळ विनोद दिसेल आणि तो आहेच. परंतु पुस्तकाच्या नावाकडे जरा लक्ष द्यावे. ‘जंगल बुक’ हे किपलिंगच्या पुस्तकाचे नाव. मध्य भारतातील अरण्याचे चित्र जगाने एका इंग्रजाच्या डोळ्यांनी पाहिले. आता त्याच मुलखातला माणूस लंडनला जाऊन म्हणतो की अरण्य तर हे आहे, आणि मला त्याची भाषा कळते. याहून विलक्षण योगायोग पुढे आहे. इंग्लंडमधून आलेले मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी काही वर्षे पाटनगढमध्येच वास्तव्य केले होते आणि भज्जूंचे आजोबा त्यांच्याकडे कामाला होते. ज्या घरातल्या माणसांची वर्णने एका इंग्रजाने लिहिली, त्याच घरातल्या नातवाने इंग्रजांचे वर्णन चित्रित करावे, हे इतिहासाने फेडलेले ऋणच म्हटले पाहिजे.

त्यातही लक्षणीय गोष्ट अशी, की या पाहण्यात आकस नाही. गोंडांच्या चित्रात हत्ती, गांडूळ किंवा वटवाघूळ हा कोणाचा उपहास नसतो. ते सारे सृष्टीतील भाऊबंदच असतात. अनोळखी माणसाला पशूच्या रूपात पाहून साम्राज्यवाद्यांनी त्याला हीन ठरवले. भज्जूंनी अनोळखी माणसाला पशूच्या रूपात पाहून त्याला आपल्या कुटुंबात घेतले. परक्याकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतील कोणती अधिक सुसंस्कृत, हे सांगण्याची गरज नाही. भाटाचे कामही त्यांनी सोडले नाही. पूर्वज राजांच्या कथा गात होते. हा भाट परमुलखाची कथा रंगवू लागला. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आरशात दिसणारे आपण

येथवर वाचताना आपल्याला बरे वाटते, कारण ज्याच्याकडे पाहिले जात आहे तो इंग्रज आहे. परंतु याच घराण्यातील आणखी दोन चित्रकारांनी आपली दृष्टी आपल्याकडे वळवली आहे.

दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड दांपत्य. २०११मध्ये ‘भीमायन’ हे त्यांचे चित्रपुस्तक नवयान प्रकाशनाने काढले. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. विषय आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आलेले अस्पृश्यतेचे अनुभव. त्यांतील पहिला प्रसंग आपल्या साताऱ्याचाच. १९०१ साली लहानगा भीम आपल्या भावंडांसह गोरेगावी नोकरीला असलेल्या वडिलांना भेटण्यासाठी निघाला आणि मसूर स्थानकावर उतरला. मुले महार आहेत हे कळताच बैलगाडी कोणी देईना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली. पण मुलांनीच ती हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा बोलीवर. जवळ शिदोरी होती. प्यायला पाणी मात्र रात्रभर मिळाले नाही. बडोद्यात नोकरीसाठी गेल्यावर राहायला जागा न मिळणे, पुढे महाडच्या चवदार तळ्याचा १९२७चा सत्याग्रह, हे सारे पुस्तकात येते.

व्याम दांपत्याने ही कथा चौकटींच्या रांगेत बसवण्यास नकार दिला. माणसांना चौकटींत कोंडले तर त्यांना श्वास कसा घेता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून पानभर मोकळी रेषा वाहते आणि ढिगना आकृतीच एका प्रसंगाला दुसऱ्यापासून वेगळे करते. बोलण्याचे फुगेसुद्धा त्यांनी आपल्या पद्धतीने घडवले. जे शब्द मृदू आहेत, त्यांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जे शब्द दंश करतात, त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या मनात केलेल्या विचाराला मनाचा डोळा.

त्या विंचवाच्या नांग्या कोणाच्या तोंडी आहेत, हे पाहताना आपल्यासारख्या वाचकाची मान खाली जाते आणि ती गेलीच पाहिजे. समरसतेवर आपण व्याख्याने ऐकली आहेत, लेख लिहिले आहेत. परंतु समरसतेची पहिली अट अशी की ज्याला आपण दूर लोटले, त्याच्या डोळ्यांनी एकदा तरी स्वतःकडे पाहण्याची तयारी हवी. तहानलेल्या मुलाला पाणी नाकारणारे लोक कोणी परचक्राबरोबर आले नव्हते. ते आपल्याच गावांतले, आपल्याच भाषेत बोलणारे होते. ‘परका’ हा शब्द आपण सीमेपलीकडच्यांसाठी राखून ठेवतो. भीमायन सांगते की सर्वांत कठोर परकेपणा गावाच्या वेशीच्या आतच जोपासला गेला. आणि हे सांगण्यासाठी एका गोंड स्त्रीने महाराष्ट्रातल्या महार मुलाची तहान आपली मानली, ही यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. २०२२मध्ये दुर्गाबाईंनाही पद्मश्री देण्यात आली.

त्यांना कोणी विचारले?

वनवासी समाज आपल्यापैकीच की वेगळा, हा वाद जुना आहे. एल्विन यांनी १९३९च्या आपल्या ‘द बैगा’ या ग्रंथात त्यांना बाहेरच्या जगापासून जपण्याची कल्पना मांडली. समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३मध्ये तिचा सडेतोड प्रतिवाद केला आणि हे लोक हिंदू समाजाचेच मागे राहिलेले घटक आहेत, असे प्रतिपादन केले. घुर्ये यांचे म्हणणे आपल्यापैकी अनेकांना जवळचे वाटते. परंतु एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. त्या संपूर्ण वादात दोन्ही बाजूंचे विद्वान त्यांच्याविषयी बोलत होते. त्यांच्याशी बोलणारे थोडे आणि त्यांना बोलू देणारे त्याहून थोडे. आपण आदिवासी म्हणतो की वनवासी, यावर आपली चर्चा रंगते. ते स्वतःला गोंड म्हणतात, परधान म्हणतात, वारली म्हणतात; आणि त्याच्याही आधी जनगढ, भज्जू, दुर्गाबाई म्हणतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो क्षुल्लक नाही. ही कला मुळात सामूहिक आहे; लग्नघरी देवचौक लिहिणाऱ्या वारली सवाष्णी त्याखाली सही करत नव्हत्या; मग नावाचा हा आग्रह म्हणजे पाश्चात्त्य व्यक्तिवादाची आयात नव्हे काय? तर्क योग्य आहे, पण अर्धा. तो चौक पालघट देवीसाठी होता, विक्रीसाठी नव्हता. तेथे नावाची गरज नव्हती. तीच आकृती जेव्हा पडद्यावर, पेल्यावर आणि साडीच्या पदरावर येऊन बाजारात उभी राहिली, तेव्हा सजावटकाराचे नाव आले, दुकानाचे आले, छापणाऱ्याचे आले. निनावी राहण्याचा उच्च आदर्श फक्त काढणाऱ्यानेच का पाळावा? वारली चित्रशैलीला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण मानांकन शैलीचे रक्षण करते. माणसाचा मान आपणच राखायचा असतो.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. लंडन, रेल्वे, आंबेडकर हे विषय आले की परंपरा बाटते, असे काही रसिकांना वाटते. त्यांनी डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांचे उदाहरण पाहावे. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला आणि मातीत रेघा ओढून मनातले सांगू लागला. स्त्रियांच्या हातची, लग्नापुरती असलेली कला एका पुरुषाने, रोजच्या ध्यासाने हाती घेतली, तेव्हा परंपरेचे दोन नियम एकदम मोडले होते. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांची गुणवत्ता ओळखली आणि कागद-कापड पुरवले. भिंतीवरची कला कागदावर आली, मासेमारीचे जाळे आणि मुंग्यांची वारुळे चित्रांत आली, आणि २०११मध्ये म्हशे पद्मश्री झाले. २०१८मध्ये ते गेले. आज ज्याला आपण ‘पारंपरिक वारली चित्र’ म्हणतो, त्यातील बरेचसे त्यांच्या नवतेचेच फलित आहे. परंपरा ही पेटीत जपायची वस्तू नव्हे. ती पाहण्याची दृष्टी आहे आणि दृष्टी जेथे नेऊ तेथे येते, मग ते पाटनगढ असो, लंडन असो वा मसूरचे रेल्वे स्थानक.

अस्मितेचा उच्चार आपण मोठ्या आवाजात करतो. या चित्रकारांनी तो आवाज न चढवता केला. आपली ओळख त्यांनी कोणाच्या विरोधात उभी केली नाही. तिच्या बळावर ते दुसऱ्याला ओळखायला निघाले. ज्याला स्वतःविषयी खात्री असते, त्याला परक्याची भीती वाटत नाही, हा धडा त्यांच्या चित्रांतून आपण घ्यावयाचा आहे.

त्या वास्तुशांतीनंतर पंधरवड्याने स्नेह्यांचा दूरध्वनी आला. त्यांनी चौकशी करून त्या चित्रकाराचा पत्ता मिळवला होता. तो जव्हारकडचा निघाला. त्याला पुन्हा घरी बोलावून, चहापाणी करून, भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात त्याच्याकडून नाव लिहून घेतले होते. ‘‘आधी लिहायला तयारच नव्हता,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणाला, भिंत तुमची आहे. मी म्हटले, भिंत माझी, चित्र तुमचे.’’

एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.